वरची खाच

अण्णा पडद्याकडे कधी बघत नसत. बंगळुरात, बनशंकरीतल्या त्यांच्या पुढच्या खोलीत लोक अडकणारे, तापणारे, मधेच मान टाकणारे गेमिंग कॉम्प्युटर घेऊन येत आणि अण्णा प्रत्येकाला पहिलं एकच सांगत, "बस. खेळून दाखव." मग मागे स्टूल ओढून बसत आणि खेळणाऱ्याचे खांदे बघत. "पडद्याचं काय बघायचं? मशीन अडकलं की माणसाचा खांदा वर जातो. तेवढं मोजायचं," हे त्यांचं शास्त्र. सत्तरीच्या या माणसानं आयुष्यात एकही गेम खेळलेला नव्हता. माझा खांदा त्यांना पहिल्या दहा मिनिटांत अकरा वेळा वर गेलेला दिसला.

मी नागपूरचा. नोकरीपायी बंगळुरात आलो आणि एचएसआर लेआउटमध्ये एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटा राहू लागलो. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, घरी आल्यावर काहीच नाही. माझ्या तोंडून मराठी निघायची ती आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, कानाला हेडफोन लावून धाकट्या भावाशी, निखिलशी. फोनवर आम्हा दोघांना बोलता येत नाही. "कसा आहेस?" "बरा. तू?" "बरा." संपलं. पण गेममध्ये शत्रूच्या गोदामामागे दबा धरून बसलो की हाच निखिल मोकळा व्हायचा. आईचे गुडघे, त्याच्या साहेबाचा जाच, त्याला आवडणारी मुलगी, सगळं मला त्या गोदामामागेच कळलं.

आणि नेमका माझा कॉम्प्युटर अडकायला लागला. ऐन मोक्याला चित्र थिजायचं आणि पुन्हा हलेपर्यंत मी मेलेला असायचो. सुरुवातीला निखिल हसला. मग म्हणू लागला, "दादा, तू परत गोठलास." पुढे तेही म्हणेनासा झाला, ते जास्त लागलं. तो कॉम्प्युटर मी स्वतः, व्हिडिओ बघून, सुटे भाग आणून जोडला होता, त्यामुळे दुकानदाराला शिव्या घालायचीही सोय नव्हती. शेवटी ऑफिसातल्या एका कन्नड मित्रानं अण्णांचा पत्ता दिला. रविवारी दुपारी कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "पेशंट है क्या?" मी हो म्हटलं.

अण्णांचं घराणं तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी इकडे आलेलं. "फौजेबरोबर आलो, परत जायचं राहून गेलं," असं ते सांगत, जणू काही गेल्या आठवड्यातली गोष्ट. एका कारखान्यात रेडिओ आणि टीव्ही जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर ते कॉम्प्युटरकडे वळले. त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलेलं होतं की ते वेगळं काढताच येऊ नये. "स्वल्प थांब की. घाई केलीस तर स्क्रू हरवतो." माझं नाव विचारून घेतलं आणि लगेच विसरून मला 'तम्मा' म्हणू लागले. कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. घरी मी निखिलच्या जन्मापासून दादा. तिशी उलटल्यावर इथे कुणाचा तरी धाकटा झालो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

त्यांचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन औषधं एकदम दिली तर कुठल्या औषधानं बरं वाटलं, कसं कळणार?" बदल केला की पेन्सिलीनं वहीत एक ओळ लिहायची, पुन्हा खेळवायचं, पुन्हा खांदा मोजायचा, आणि त्या दिवसापुरतं काम बंद. "सरी, ठीक. आता आठवडाभर वापर. पुढच्या रविवारी ये." पहिल्या रविवारी त्यांनी रंगाच्या ब्रशनं आतली धूळ काढली. दुसऱ्या रविवारी प्रोसेसरवरचा सुकलेला लेप खरवडून नवा लावला. तिसऱ्या रविवारी कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठून बसणारे फुकटे प्रोग्रॅम बंद केले. चौथ्या रविवारी मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या. माझा खांदा अकरावरून नऊ, आठ, सातवर आला. गुण येत होता, पण होमिओपॅथीच्या चालीनं.

काम करताना त्यांना बोलणं लागे. स्टीलच्या पेल्यात कॉफी आणि ताटलीत कोडबळी ठेवून म्हणत, "सांग की, नागपुरात काय चाललंय?" तिथे काय चाललंय ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मग मी लहानपणचं सांगायचो. निखिलनं माझी सायकल विहिरीत टाकली होती ते, आईनं आम्हा दोघांना मिळून मारलं होतं ते. अण्णा मधेच थांबवत. "हा शब्द परत म्हण. माझी आजी म्हणायची असं." मी गप्प झालो की त्यांचा स्क्रूड्रायव्हरही थांबायचा. तेव्हा ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. मुलगी लग्न होऊन मैसूरला, तिच्या घरात सगळा कारभार कन्नडमध्ये.

पाचव्या रविवारी सकाळी निखिल म्हणाला, "दादा, आमची चौघांची टीम जमली आहे. तुझं नीट झालं की सांग, बघू." रागावून नव्हे, अगदी सहज म्हणाला. दुपारी मी कॅबिनेट घेऊन गेलो खरा, पण अण्णांना सांगितलं, "आता राहू द्या. नीट होऊन तरी खेळू कुणाबरोबर?" आणि सकाळी काय झालं ते सांगितलं.

अण्णांनी पेला खाली ठेवला. मग कॅबिनेटची बाजू उघडली, गेमचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे दोन स्क्रू काढले, ते कार्ड खालच्या खाचेतून उपसलं आणि वरच्या खाचेत दाबून बसवलं. जेमतेम पाच मिनिटांचं काम. "खेळ," म्हणाले. मी खेळलो. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. माझा खांदा एकदाही वर गेला नाही.

माझ्या बोर्डावर तशा दोन खाचा होत्या, दिसायला सारख्या. वरची म्हणजे हमरस्ता, खालची म्हणजे बोळ. कॉम्प्युटर जोडताना वरच्या खाचेपाशी हात पोहोचेना, म्हणून खाच ती खाच असं म्हणून मी महागडं कार्ड बोळात नेऊन बसवलं होतं. झाकण उघडल्याबरोबर कुठल्याही कारागिराला दिसावी अशी चूक. हे डोक्यात शिरलं आणि मी अण्णांकडे बघितलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तम्मा," ते म्हणाले. "तेव्हाच सांगितलं असतं तर तू पाच मिनिटांत गेला असतास. बायको गेल्यापासून या घरात मराठी बोलत कुणी बसलं नव्हतं. चार रविवार घेऊ म्हटलं, मग सांगू. चूक झाली."

मी नको ते बोललो. "तुमच्या गप्पांपायी माझा भाऊ गेला," असं म्हणालो. अण्णा "सरी," एवढंच म्हणाले, कॅबिनेट स्वतः चादरीत गुंडाळलं आणि गुडघे धरत धरत जिना उतरून रिक्षात ठेवून दिलं. मी मागे वळून बघितलंही नाही.

निखिल परत आला. भाऊच तो, जाणार कुठे? चौघांत मला पाचवा केलं आणि पाच-सहा महिने आमचे रविवार पुन्हा रंगले. मग त्याचं लग्न झालं, त्याच गोदामामागच्या मुलीशी. नव्या संसारात रविवारची सकाळ कुणाला मोकळी असते? त्याचा काही दोष नाही. एक रविवार चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्या रविवारी मी विचारलंच नाही. कॉम्प्युटर उत्तम चालत होता. मी त्याच्यासमोर बसलो होतो आणि शुक्रवारी ऑफिसमधून निघाल्यापासून आपण कुणाशी एक शब्द बोललेलो नाही, हे माझ्या ध्यानात आलं. तेव्हा मला अण्णा कळले. अगदी तळापर्यंत कळले.

दोन रविवार मी नुसता विचार करत घालवले. तिसऱ्या रविवारी स्क्रूड्रायव्हर घेतला, कॅबिनेट उघडलं, कार्ड वरच्या खाचेतून काढलं आणि माझ्या हातानं खालच्या खाचेत बसवलं. चादरीत गुंडाळून बनशंकरीला गेलो.

दार अण्णांनीच उघडलं. थोडे वाळले होते. मी म्हणालो, "परत अडकतंय, अण्णा." त्यांनी मला आत घेतलं, झाकण काढलं, आत डोकावले. कार्ड खालच्या खाचेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे. मग त्यांनी झाकण हळूच लावून टाकलं आणि वही ओढली.

"अवघड दिसतंय, तम्मा. वेळ लागंल."

"लागू दे," मी म्हणालो.

माफी मागायची मी ठरवून गेलो होतो. तिची वेळच आली नाही.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर रविवारी तो कॉम्प्युटर दुरुस्त होत राहिला. अण्णांनी पंखे पुसले, वायरी नव्यानं बांधल्या, एकदा तर नुसते स्क्रू काढून पुन्हा तेच लावले. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ, प्रत्येक वेळी खांदा मोजणं. मधे एकदा म्हणाले, "भावाला फोन करतोस का?" बोलायला काही सुचत नाही, असं मी म्हणालो. "मग सुचत नाही म्हणून सांग की त्याला. तेही बोलणंच." त्या संध्याकाळी मी निखिलला फोन करून तेवढंच सांगितलं. तो हसला आणि आम्ही अर्धा तास बोललो. ते अजून सुरू आहे.

मग एका रविवारी अण्णा म्हणाले, "यावेळी मशीन इथेच राहू दे. मी स्वल्प तपासण्या करून घ्यायला मुलीकडे चाललोय. पुढच्या रविवारी येऊ नको." दारापर्यंत पोहोचवायला आले, तेव्हा चौकटीला धरून उभे होते. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. आम्हा दोघांना मुद्द्याचं न बोलण्याची सवय होती.

तीन आठवड्यांनी मैसूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. अण्णा गेले होते. घर आवरताना पुढच्या खोलीत एक कॅबिनेट सापडलं, वर चिठ्ठी होती, 'तम्माचं'. तम्मा कोण ते तिला वहीतल्या नंबरावरून कळलं. मी जाऊन ते घेऊन आलो. रिक्षात चादरीच्या आत तोंड खुपसून रडलो.

घरी येऊन झाकण उघडलं. कार्ड वरच्या खाचेत होतं, दोन्ही स्क्रू घट्ट. जायच्या आधी त्यांनी काम पुरं करून ठेवलं होतं.

मी कॉम्प्युटर लावला आणि खेळायला बसलो. कुठे म्हणून अडकला नाही. पण माझे दोन्ही खांदे वर गेले होते, ते खाली येईनात, आणि मागच्या स्टुलावर ते मोजायला कुणी नव्हतं.