उलट्या बाजूने नेसवलेली बनारसी

मला किळस येत नाही, असा माझा इतकी वर्षं समज होता. मी नर्स आहे. पुण्यात शिकले आणि आता ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनच्या एका रेस्ट होममध्ये काम करते. म्हाताऱ्या माणसांचं हगणंमुतणं, कवळ्या, जखमा, ओकाऱ्या, सगळं या हातांनी केलंय आणि घरी जाऊन त्याच हातांनी पोळ्या लाटल्यात. पण मागच्या दिवाळीनंतर आमच्या मराठी मंडळाच्या नाट्यमहोत्सवात मला जी किळस आली, ती अजून गेलेली नाही. आपल्या माणसांची किळस धुऊन जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

बाई आमच्या रेस्ट होममध्ये आल्या तेव्हा त्यांच्या सामानात कपडे कमी आणि मेकअपच्या डब्या जास्त होत्या. इंग्लंडमधल्या नटी. वय पंच्याऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, डोकं मात्र लख्ख. रोज सकाळी मी अंघोळ घातली की आरशासमोर बसायच्या आणि स्वतःचा चेहरा स्वतः रंगवायच्या. तोवर खोलीत माझ्याशिवाय कोणी यायचं नाही. एकदा मॅनेजर न विचारता आत घुसली, तर तिच्या अंगावर पावडरचा पफ भिरकावला होता बाईंनी. मला त्या 'डार्लिंग' म्हणायच्या. पहिल्यांदा वाटलं, काय प्रेमळ आहेत! मग कळलं, नाटकवाले सगळ्यांनाच म्हणतात, नाव लक्षात ठेवायला नको.

त्यांची कहाणी मी तुकड्यातुकड्याने ऐकली, पायाला मलम लावता लावता. वडील खाटीक, गाव समुद्रकाठचं. सोळाव्या वर्षी तिथल्याच एका नाटक कंपनीत शिरल्या. दर आठवड्याला नवं नाटक. संध्याकाळी एक करायचं, सकाळी दुसऱ्याची तालीम, आणि मधे जेवता जेवता तिसरं पाठ. "आम्ही नटी नव्हतो, डार्लिंग, आम्ही घाण्याचे बैल होतो," असं काहीतरी इंग्रजीत म्हणायच्या. बैल माझे, भाव त्यांचा. मग लंडन, मग सिनेमा. सिनेमावाल्यांनी गाल खोल दिसावेत म्हणून मागच्या चांगल्या दाढा काढायला लावल्या. शी! मी रोज ते तोंड धुवायचे, ते खड्डे बघायचे आणि मनात त्या निर्मात्यांना लाखोली वाहायचे. कोण कुठे हात लावायचं हेही सांगायच्या, चहात साखर किती हवी ते सांगावं तशा आवाजात. चाळिशी आली तशा आयांच्या भूमिका, मग आज्यांच्या, मग प्रेतांच्या. शेवटी इथल्या एका टीव्ही मालिकेसाठी न्यूझीलंडला आल्या, एका मेंढपाळाशी तिसरं लग्न केलं आणि राहिल्या. तो गेल्यावर आमच्याकडे.

आता यात आमचं मंडळ कुठून आलं? तर आमच्या लेकीमुळे. मी जेवताना बाईंबद्दल बोलले, आणि लेकीने फोनवर शोधून काढलं की बाईंनी तरुणपणी एका पिक्चरमध्ये हिंदुस्थानी राणीचं काम केलं होतं. तोंडाला तपकिरी रंग फासून, नाकात नथ, अंगावर बनारसी, आणि एका गोऱ्या साहेबाच्या पायाशी बसून रडणं. "मम्मा, दॅट्स सो ग्रॉस," लेक म्हणाली. आणि तिचा बाप, त्या वर्षीचा मंडळाचा सेक्रेटरी, टाळी वाजवून म्हणाला, "अगं, हीच आपली प्रमुख पाहुणी!"

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्या दिवशी ईस्ट टामाकीतलं ऑफिस सुटल्यावर हा माणूस फुलं घेऊन रेस्ट होममध्ये हजर. नाटकाचं निमंत्रण म्हटल्यावर बाईंचे डोळे चमकले. कोणतं नाटक, किती अंकी, सगळं विचारून घेतलं. पण तो गेल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "मी येईन. एकच अट. तो पिक्चर दाखवायचा नाही. तुमच्या लोकांसमोर नाही."

मी म्हटलं, रंग फासल्याची लाज वाटत असेल, साहजिक आहे. पण गोष्ट निराळी होती. त्या राणीच्या कामासाठी लंडनमधल्याच एका हिंदुस्थानी नटीची परीक्षा झाली होती. उत्तम काम करायची ती, बाईंपेक्षा उत्तम, हे बाईच म्हणाल्या. काम मात्र मिळालं बाईंना, आणि तिला ठेवलं कशाला, तर बाईंना साडी नेसवायला आणि चालायला शिकवायला. रोज सकाळी ती समोर गुडघे टेकून निऱ्या काढायची. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी पिना काढता काढता म्हणाली, "मॅडम, ही साडी मी रोज तुम्हाला उलटी नेसवली. आतली बाजू बाहेर. इथे कोणाला कळलं नाही. पण ज्या दिवशी माझी माणसं हा पिक्चर बघतील, त्या दिवशी ती हसतील. तुम्हाला मरेपर्यंत हसतील."

बाईंनी ते कोणाला सांगितलं नाही. तिची नोकरी गेली असती. आणि पुढे मुंबईत, कलकत्त्यात कुठल्या महोत्सवाचं बोलावणं आलं की त्या नाही म्हणायच्या. "तिचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "हसणं माझ्या वाट्याचं आहे. पण मला ते ऐकायचं नाही."

मी घरी येऊन लेकीने शोधलेली ती क्लिप पुन्हा बघितली. खरंच की! पैठणी असती तर कळलं नसतं, ती दोन्हीकडून सारखी. पण ही बनारसी. जरीचे बुट्टे पालथे, आणि कापलेल्या धाग्यांची टोकं खांद्यापासून पायापर्यंत लोंबतायत. आपल्याकडची दहा वर्षांची पोरसुद्धा सांगेल. मी मनातल्या मनात त्या अनोळखी बाईला हात जोडले. वा गं वाघिणी!

नवऱ्याला सगळं सांगितलं. साडीचंही सांगितलं. म्हटलं, "क्लिप दाखवायची नाही, कळलं? शब्द दिलाय मी." तो म्हणाला, "हो गं बाई, हो."

मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसराच तमाशा सुरू झाला. पाहुणा पुरुष असला की शाल-श्रीफळ, बाई असली की साडी देऊन ओटी भरायची, ही आमची पद्धत. तर प्रश्न असा पडला की ही बाई विधवा की घटस्फोटित? आधीचे दोन नवरे सोडलेले, तिसरा मेलेला. ओटी चालेल का? एकीने लिहिलं, कुंकू नको, नुसतं गुलाबपाणी. दुसरीने लिहिलं, ती गोरी आहे, त्यांना आपले नियम लागत नाहीत. तिसरीने, जी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, मलाच विचारलं, "तू फाइल बघून कन्फर्म करतेस का?" ई! परदेशात येऊन घरं घेतली, बोटी घेतल्या, पोरांना नमस्काराऐवजी माओरी 'कियोरा' म्हणायला शिकवलं, आणि एका म्हातारीच्या कपाळाला बोट लावायचं तर कोणता नवरा कधी मेला याचा पंचनामा! मी लिहिलं, "फाइलमध्ये बद्धकोष्ठाची नोंद आहे, ती हवी का?"

कार्यक्रम अवोन्डेलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बाईंनी सकाळपासून चेहरा रंगवला होता. विंगेत व्हीलचेअर थांबवली तेव्हा त्यांनी नाक वर करून वास घेतला. धूळ, लाकूड, तापलेले दिवे. "सगळीकडे सारखाच," म्हणाल्या, आणि मग माझ्या मदतीने स्टेजवर चालत गेल्या. समई लावली. सत्कार झाला. शेवटी ओटीत नारळ आणि साडी पडली, कुंकू नाहीच. ते कुंकवाचं बोट बाईंच्या कपाळाच्या दिशेने येता येता मागे वळलं, ते मी बघितलं.

आणि मग माझा नवरा माइकवर आला. "आता एक सरप्राइज!"

दिवे गेले. मागच्या पडद्यावर ती तपकिरी राणी उभी राहिली, भिंतीएवढी. धागे लोंबतायत. मी विंगेतून ओरडले, "बंद कर!" कोण ऐकतंय? बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पडद्याकडे त्यांची पाठ होती. त्या पिक्चर बघतच नव्हत्या, त्या लोकांकडे बघत होत्या. दोन्ही हातांनी नारळ धरलेला. वाट बघत होत्या.

क्लिप संपली. आणि हॉल उभा राहिला. टाळ्या! शिट्ट्या! कोणी तरी चक्क "भारत माता की जय" ओरडलं. त्या रंगाला, त्या साहेबाच्या पायाशी रडणाऱ्या राणीला! दिवे आले तरी थांबेनात. 'दोन शब्द' म्हणून माइक पुढे केला, तर बाईंनी फक्त मान लववली.

नंतर सेल्फींची रांग. खांद्यावर हात, गालाला गाल, त्यांच्या पावडरचे डाग आपल्या शालूंवर. ती फार्मसिस्ट मला म्हणाली, "बनारसी उलटी नेसवली होती गं तिला, बघितलंस? पण किती गोड दिसत होती! आपल्या बायकांना नसती इतकी शोभली." शेजारच्या चौघी म्हणाल्या, हो ना, आम्हालाही दिसलं. नवरा घाम पुसत आला. "मी सांगितलं होतं तुला," मी म्हटलं. तो म्हणाला, "अगं, पण लोकांना किती आवडलं! हसलं का कोणी? उगाच घाबरवलंस." थुंकावंसं वाटलं मला. हॉल शाळेचा होता म्हणून नाही थुंकले.

बाईंना मीच गाडीने परत नेलं. मांडीवर ती साडी, तिच्यावर नारळ. मोटरवेला लागलो.

"कोणी हसलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"दिसलं नसेल कदाचित. फार जुनी फिल्म आहे."

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण कोणी खोटं बोललं की बाई ओळखायच्या, जन्म त्यातच गेला होता. मी म्हटलं, "दिसलं. सगळ्या बायकांना दिसलं. त्यांना तुम्ही गोड वाटलात."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. रेस्ट होमच्या दारात मी गाडी थांबवली, व्हीलचेअर काढली, पट्टा सोडवायला वाकले, तेव्हा त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

"तिचा तुम्हा लोकांवर फार भरवसा होता, डार्लिंग."