ती माझ्या खांद्यामागे बघते

या ग्रुपवरचे अनुभव मी सकाळी चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकात खोट काढते. कुत्रं रडलं, लाइट गेली, कसला तरी वास आला... अहो, लाइट तर आमच्याकडेही जाते, म्हणून काय लगेच भूत आलं? असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण माझ्याच घरात, भर दुपारी जे झालं त्यात मला अजून खोट सापडलेली नाही, म्हणून लिहितेय.

मी मीरा रोडला शांती नगरमध्ये राहते. दुसरा मजला, वन बीएचके. हॉलच्या खिडकीला लागून माझं टेबल आहे. माझी खुर्ची आणि मागची भिंत यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा आहे. ही जागा लक्षात ठेवा.

आता थोडं मागचं. माझ्या बाबांचा काशीगावात गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि वर निळी ताडपत्री. शाळेत असल्यापासून मी तिथे हात काळे-पांढरे केले. बेस मारला, पितांबर रंगवलं, दागिन्यांना सोनेरी लावलं. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, आणि ते बाबाच काढायचे. त्याला आखणी म्हणतात. आखणी झाली की मूर्ती तुमच्याकडे बघायला लागते, तोपर्यंत ती नुसती माती.

बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश माझ्याकडे येणार हे मी धरूनच चालले होते. दिला कोणाला? निलेशला. हा माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा लहान, कारखान्यात यायचा तो वडापाव खायला. मी बाबांना तोंडावर विचारलं, "माझ्या हातात काय कमी आहे?"

"हातात काही कमी नाही," बाबा म्हणाले. "पण तुझं लक्ष तुझ्या मूर्तीवर नसतं गं. शेजारच्याच्या मूर्तीवर असतं."

मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी जेवले नाही. आणि त्यानंतर दर सीझनला ते दृश्य बघत बसले... निलेश आखणीला बसलाय आणि बाबा त्याच्या डाव्या खांद्यामागे, हात पाठीमागे बांधून, श्वाससुद्धा न घेता उभे आहेत. आखणी करणाऱ्याच्या मागे उभं राहायची त्यांची सवयच होती. उजेड अडला तर न बोलता दुसऱ्या खांद्यामागे सरकायचे. माझ्या मागे ते एकदाही उभे राहिले नाहीत. पुढे कारखाना बंद झाला, शेवटची काही वर्षं बाबा माझ्याच घरी होते, औषधं, पथ्य सगळं मी केलं. तरी माझ्या टेबलाकडे कधी फिरकले नाहीत. बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली.

पुढे मी आणि निलेश, दोघंही गेमिंगमध्येच आलो. मी मालाडच्या एका कंपनीत पत्त्यांच्या गेमसाठी बटणं बनवते. चकचकीत बटणं, सोन्याची नाणी, उघडणारी पेटी. पगार वेळेवर होतो. आणि निलेशने भाईंदरला इंद्रलोकमधल्या आपल्या फ्लॅटवर चार पोरं जमवून स्वतःचा गेम काढला. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला करू.

पण खोटं बोलणार नाही... गेम दिसायला असा आहे की माझ्या पोटात दुखलं. सगळी दुनिया शाडूची. डोंगरांवर कोरणीचे ओरखडे, माणसांच्या गालांवर अंगठ्याचे ठसे. ऊन कसं, तर ताडपत्रीतून गाळून ओल्या मातीवर पडतं तसं, निळसर. तो उजेड आमच्या शेडमधला होता. मीसुद्धा त्याच उजेडात बसले होते की, मग मला का नाही सुचला? हिरोइन म्हणजे मातीची छोटी मुलगी, तिला डोळेच नाहीत. ती हात लावेल तेवढीच दुनिया उजळते. अगदी शेवटी एक ब्रश येतो, तिचे डोळे आखतो आणि ती तुमच्याकडे बघते. परदेशातल्या लोकांनी त्या एका नजरेवर व्हिडिओ केलेत. लोक म्हणे रडतात. आमचे नातेवाईक फोन करून मला विचारायचे, "तू पण तेच करतेस ना, निलेशसारखं?" मी म्हणायचे, हो, तेच.

एका रविवारी हे ड्यूटीवर गेले होते. मी गेम लावला तो निव्वळ चुका काढायला. जेवण वाढून घेतलं नाही, उठले नाही, दुपारी शेवटाला पोचले. ब्रश आला. पापणी, बुबुळ, मग तो पांढरा ठिपका. मुलीने डोळे उघडले आणि बघितलं... पण माझ्याकडे नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या वर, मागे.

मला आधी आनंद झाला, खरं सांगते. म्हटलं, चुकला. एवढा मोठा आर्ट डायरेक्टर आणि नजर तिरकी. पुन्हा लावलं, तेच. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, म्हटलं पुरावा हवा. रेकॉर्डिंग बघितलं तर त्यात ती सरळ बघतेय. मान वर करून लॅपटॉपवर बघितलं तर माझ्या खांद्यामागे. मी खुर्ची उजवीकडे सरकवली, तर नजर माझ्याबरोबर सरकली, पण खांद्यामागेच राहिली.

तेवढ्यात शेजारच्या जिग्नाबेन ढोकळ्याची वाटी घेऊन आल्या. त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत स्क्रीनकडे.

"ये किसको देख रही है?" त्या म्हणाल्या. "तुम्हारे पीछे तो कोई नहीं है."

वाटी ठेवून त्या लगेच गेल्या. एरवी अर्धा तास बसतात. मी मागे वळून बघितलं, भिंत होती. अंगावर काटा आला तो मग खाली बसेना.

निलेशला फोन केला. भूत वगैरे काही बोलले नाही, म्हटलं तुझ्या गेममध्ये गडबड आहे, येऊन बघ. संध्याकाळच्या आत आला. कोणी चूक काढली की तो धावतो, लहानपणापासून तसाच आहे.

"ताई, असं होऊच शकत नाही," तो म्हणाला. "तिचे डोळे गेममधल्या कॅमेऱ्याला लॉक केलेत. स्क्रीनमधून सरळ बाहेर. बाजूला बघायची सोयच ठेवली नाहीये मी. समोर कोण बसलंय हेसुद्धा तिला कळत नाही."

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तर मी टिकली चिकटवलेली आहे. तो माझ्या खुर्चीवर बसला, शेवट लावला. सरळ त्याच्याकडे बघितलं तिने. मी बसले, खांद्यामागे. त्याने तीनदा करून बघितलं, मग हसला, आणि मग हसायचा थांबला.

"थांब," म्हणाला आणि उठून माझ्या मागे आला. डाव्या खांद्यामागे, बरोबर त्या जागेत उभा राहिला. "आता लाव."

मी लावलं. मुलीने डोळे उघडले आणि डावीकडेच बघितलं. मग तिची बुबुळं सावकाश सरकली, माझ्या डोक्यावरून, आणि उजव्या खांद्यामागे जाऊन थांबली. कोणीतरी निलेशला जागा करून दिल्यासारखं.

निलेश सोफ्यावर जाऊन बसला आणि पाणी मागितलं. ग्लास एका दमात संपवला.

"मी शेवटी लिहिलंय बघ, काकांना अर्पण," तो म्हणाला. "सगळा गेम त्यांच्यासाठी केला, ताई. हजार वेळा तो शेवट लावलाय मी घरी. एकदा तरी माझ्याकडे यायला काय हरकत होती?"

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर जळत होता. मी समजूत वगैरे काढली नाही. मला बरं वाटलं. ढोकळा पुढे केला, त्याने खाल्ला नाही.

त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन. "अजून तिथेच बघते का गं?" मी लावून बघायचे आणि सांगायचे, हो, तिथेच.

पण मला आतून टोचणी लागली होती. एवढं मागे येऊन उभे राहिलात बाबा, मग बघायचं काय आहे तुम्हाला, पत्त्यांची बटणं? शेवटी कपाटाच्या वरून बाबांची पेटी काढली. त्यात त्यांचे बारीक ब्रश होते आणि कारखान्यातली एक वीतभर मूर्ती, सगळी रंगवलेली, डोळे तेवढे राहिलेले. एका दुपारी खिडकीत बसून मी आखणी केली. घरात कोणी नव्हतं, शेजारी दुसरी मूर्ती नव्हती. निलेश इथे काय करेल असं एकदाही मनात आलं नाही, हे नंतर लक्षात आलं. डाव्या कानामागे कोणीतरी श्वास धरून उभं आहे असं वाटत होतं, पण मी वळले नाही. वळले असते तर हात हलला असता.

डावा डोळा किंचित मोठा झालाय. पण बघतो. खोलीत कुठेही उभं राहा, बघतो.

ब्रश धुऊन मी गेम लावला. मुलीने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून रोज माझ्याकडेच बघते, जशी सगळ्यांकडे बघते तशी. मागच्या जागेत आता नुसती भिंत आहे.

याला काय म्हणायचं मला माहीत नाही. गेममध्ये बिघाड होता म्हणावं तर जिग्नाबेनचं काय, आणि भास म्हणावा तर निलेशचं काय? कोणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, मी खोट काढणार नाही. फक्त निलेशला कोणी ओळखत असाल तर त्याला यातलं सांगू नका. त्याचा अजून दर रविवारी फोन येतो, आणि मी अजून सांगते, हो, तिथेच बघते.