फाट्यावरचा रिलीव्हर

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि सध्या बीड जिल्ह्यात पोलीस उपनिरीक्षक आहे. पुराव्यावाचून विधान करायचे नाही, हे मला दोन्हीकडे शिकवले गेले. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर केवळ त्यांतल्या चुका शोधण्यासाठी वाचत आले. आता माझाच अनुभव लिहिते आहे, कारण कार्यालयीन अहवालात त्याला जागा मिळाली नाही...

ठिकाण – आष्टी तालुका, कडा गावाच्या अलीकडचा एक फाटा. मे महिना. एक मंत्री सकाळी उद्घाटनाला येणार होते; दुपार झाली तरी ताफ्याचा पत्ता नव्हता. बंदोबस्तात प्रत्येकाला रस्त्यावरचा एक ‘पॉइंट’ नेमून दिलेला असतो. रिलीव्हर, म्हणजे जागा घेणारा माणूस, येऊन उभा राहिल्याशिवाय तो सोडता येत नाही. लघवीसाठीही नाही.

फाट्यावर हवालदार साळवेकाका होते. निवृत्तीला आलेले, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या, आमच्या ठाण्यात नवीन. मी जीपमधून पॉइंट तपासत तिथे पोहोचले, तेव्हा म्हणाले, “मॅडम, रिलीव्हरचं बघा की. डोकं लई गरगरतंय.”

मी वायरलेसवर मागणी केली. ठाण्याच्या पीआय साहेबांचे उत्तर आले, “माणूस नाही. ताफा निघालाय म्हणून सांगा, कळ काढतील.”

ताफा निघाला नव्हता.

पुन्हा फेरी मारली तेव्हा फाट्यावर दुसराच शिपाई होता. जाड मिशा, डावा खांदा किंचित उतरलेला, कॉलरमध्ये घामासाठी खोचलेला रुमाल. त्याने शिट्टी वाजवून एक टेम्पो अडवला, माझ्या जीपला वाट करून दिली आणि सॅल्यूट ठोकला. उशिरा का होईना, मुख्यालयाने माणूस पाठवला, असे समजून मी पुढे गेले.

काही वेळाने वायरलेसवर, गाडीने फाट्यावरून गेलेल्या साहेबांचा आवाज – “फाट्यावरचा पॉइंट रिकामा आहे. साळवे कुठं गेला?”

मी जीप वळवली. फाट्यावर खरोखर कोणी नव्हते. साळवेकाका चहाच्या टपरीमागे डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले होते. जीभ जड झाली होती.

“रिलीव्हर आला ना, मॅडम. मला म्हणला, जा दादा, सावलीत बस, मी हाय. म्हणून आलतो.”

टपरीवाल्या मावशींनी दुजोरा दिला. “आत्ता शिट्टी वाजवत व्हता की. च्या दिऊ का इचारलं, तर न्हाई म्हणला. फुकटचा च्या नको म्हणणारा पोलीस म्या पयल्यांदाच बघितला.”

काकांना आष्टीच्या दवाखान्यात नेले. आणखी थोडा वेळ उन्हात उभे राहिले असते तर वाचले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

मुख्यालयाने कोणालाही पाठवले नव्हते. संध्याकाळी मी साहेबांना त्या शिपायाचे वर्णन सांगितले. रुमालाचा उल्लेख येताच त्यांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“हे लिहू नका, मॅडम. पुढं डीवायएसपी व्हायचंय ना तुम्हाला?”

व्हायचे आहे. तरीही लिहिले.

ठाण्याच्या भिंतीवर कर्मचाऱ्यांचा, मी इथे बदलून येण्याआधीचा, एक जुना समूहफोटो आहे. मी त्यात मनाशी एक चेहरा निश्चित केला. नंतर काका कामावर रुजू झाल्यावर, काहीही न सुचवता, त्यांना विचारले, “यात तो आहे का?” काकांनी त्याच चेहऱ्यावर बोट ठेवले. शेजारी उभ्या असलेल्या शिपायाने आवाज खाली आणला. “त्यो गेल्या उन्हाळ्यात त्याच फाट्यावर पडला, मॅडम. दवाखान्यापर्यंतबी पोचला न्हाई. त्यानंबी रिलीव्हर मागितलता.”

तेव्हाही पीआय हेच साहेब होते.

माझ्या पद्धतीतली त्रुटी मला कळते. तो फोटो आम्ही दोघेही रोज पाहत होतो. उष्णता, ताण आणि स्मृती यांनी मिळून ओळखीचा चेहरा रचला असेल. चेहऱ्यापुरते हे मान्य. पण टेम्पो कोणी अडवला? मावशी ठाण्यात कधीच आलेल्या नाहीत. त्यांनी चहा कोणाला विचारला? आणि मी गेल्यानंतर, साहेबांची गाडी येईपर्यंत, तो सरळसोट मोकळ्या रस्त्यावरून गेला कुठे? मी अनेकदा मांडणी करून पाहिली. उत्तर माझ्याकडे नाही.

‘पॉइंट रिकामा नव्हता’ हा माझा अहवाल एका शेऱ्यासह परत आला – ‘संबंधिताचे नाव व बक्कल नंबर नमूद करावा.’ ते मी करू शकले नाही. विनापरवानगी पॉइंट सोडला म्हणून साळवेकाकांची वेतनवाढ रोखली गेली. दवाखान्याचे कागद जोडले होते. ते कोणी उघडूनही पाहिले नाहीत.

आता पुन्हा एक दौरा ठरला आहे. मी प्रत्येक पॉइंटसाठी रिलीव्हर मागितला – ‘मनुष्यबळ उपलब्ध नाही.’ निदान काकांना ठाण्यात बसू द्यावे, हेही नाकारले गेले. काल पॉइंट वाटताना मी त्यांच्या नावापाशी थांबले.

“थांबू नका, मॅडम,” ते शांतपणे म्हणाले. “मला त्योच फाटा द्या. तिथं रिलीव्हर तरी येतो.”