धुऱ्यावरचा आंबा

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. सौंसरच्या बाजूला दोन भावांचं बोलणं बंद झालं असं कळलं, की कोणी कारण विचारत नाही. धुराच असणार. माझं आणि दादाचं मात्र कधी वाजलं नाही. मी मास्तरकी केली, दादानं लोधीखेड्याजवळची शेती पाहिली, वाटणीनंतर माझीसुद्धा. आमच्या दोन तुकड्यांमधल्या धुऱ्यावर साग आहेत, निंब आहेत आणि एक जुना आंबा.

तो आंबा दादानं स्वतःच्या सरणासाठी राखून ठेवलेला. आमच्या घरी सरणाला आपल्याच धुऱ्याचं लाकूड घालतात. वडिलांना त्याच्या शेजारच्या झाडाचं घातलं होतं. दादा हे जेवता जेवता सांगायचा आणि वहिनी ताट आपटायची.

मागल्या वर्षी कार्बनवाली कंपनी आली. झाडं हवेतला कार्बन ओढून धरतात, त्याचे पैसे परदेशातले कारखाने देतात. अट एकच, मोजलेलं झाड तीस वर्षं तोडायचं नाही. आपल्या देशाला यात मोठी संधी आहे, असं मी वाचलं होतं आणि मला ते पटलंही होतं. जंगल सरकारचं, पण धुऱ्याधुऱ्यावरची झाडं राखली ती दादासारख्यांनी. त्यांच्या पदरात काही पडावं, एवढंच माझ्या मनात होतं.

"म्हंजे झाड आपलं, अन् हवा त्यायची?" दादा हसला. "घे विकून."

कंपनीची मुलगी फोन घेऊन आली. एकेक झाड मोजत आंब्यापाशी पोचली, तेव्हा दादा म्हणाला, "हे नाही. हे माहं आहे."

"काका, सगळीच तुमची आहेत ना?"

परक्या पोरीसमोर दादा सरणाचं काय बोलणार! झाड वगळायचं तर फोनमध्ये कारण निवडावं लागत होतं: रोगट, वाळलेलं, वादग्रस्त. आंबा तर मोहरानं लदलेला. मी शहाणा पुढे झालो. म्हटलं, "वादग्रस्त टाका." आंबा वाचला, म्हणून मी स्वतःवरच खूश.

महिन्याभरानं पंचायतीत यादी लागली. त्यात आम्हा दोघांची नावं आणि पुढे 'वादग्रस्त'. सौंसरच्या बसस्टँडवर एका ओळखीच्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचंबी झालं काय, गुरुजी?"

मी तसाच शेतावर गेलो. दादा माझ्याकडे बघेना.

"उभ्या जिंदगीत आपण धुऱ्यावरून तोंड वाजवलं नाही," शेवटी तो म्हणाला, "अन् तू लिहून देल्लं का आपण भांडून राहिलो?"

"दादा, झाडासाठी केलं रे."

"झाडासाठीच भांडतेत सारे."

मला तोंड वर करवेना. शिकलेला मी, आणि एका शब्दाचं वजन मला कळलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर आंब्यावर कंपनीचा नंबर ठोकलेला. दादानं स्वतः त्या मुलीला बोलावून झाड मोजून दिलं होतं. आता तीस वर्षं त्याला कोणी कुऱ्हाड लावणार नाही, आणि दादा चौऱ्याहत्तरचा.

"अरे, हे काय केलंस?" मला रडूच फुटलं.

"मले सरणाले टालावरचं इकतचं लाकूड बी चालते," दादा म्हणाला. "तो शब्द निघाला पायजे होता."