खिडकीतली जिरेनियमची कुंडी

रामिरो गेल्याचं त्याच्या मुलीनं, लुसियानं, आमच्या ड्राइव्हवेत येऊन सांगितलं. मी बर्फ शोव्हल करत होतो. "झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मग आम्ही दोघंही त्याच्या खिडकीकडे बघत राहिलो...

ज्याला पकडायला दक्षिण अमेरिकेतलं एक अख्खं लष्कर डोंगर पालथे घालत होतं, तो हा रामिरो इथे कॅनडात, रेजिनात आमच्या शेजारी राहायचा आणि विंटर टायर बदलायला मला हाक मारायचा. मी त्याला कमांडर म्हणायचो. "कमांडर, निदान जॅक तरी धरा." "ते शिपायांचं काम," म्हणून तो खुर्ची टाकून माझ्या चुका काढत बसे. मेधानं, माझ्या बायकोनं, चिवडा पुढे ठेवला की बोलता बोलता त्यातले शेंगदाणे तेवढे नाहीसे होत. गनिमी कावा, दुसरं काय. एकदा मी गमतीच्या भरात विचारलं, "कमांडर, माणसं मारलीत?" तो हसला नाही. म्हणाला, "हो. त्यांचीही मुलं शाळेतून घरीच येत होती." पुन्हा मी तो विषय काढला नाही.

त्याच्या पुढच्या खिडकीत कायम लाल जिरेनियमची कुंडी असे. मला वाटे, म्हाताऱ्याला फुलांची हौस.

गेल्या हिवाळ्यात त्याचं हृदय थकलं आणि लुसिया यायला निघाली. लहानपणीच त्याच्यापासून दुरावलेली मुलगी, मावशीनं वाढवलेली, आता पन्नाशीची. कमांडर रोज दाढी करू लागला. ती यायच्या दिवशी मेधा खिचडी घेऊन गेली, तर तो खुर्चीतच झोपलेला. काचेवर बर्फ धरला होता, जिरेनियमची पानं काचेला चिकटली होती. आमची तुळस थंडीत आत घेतो, तशी मेधानं ती कुंडी उचलली आणि आमच्या किचनमध्ये तुळशीशेजारी आणून ठेवली.

थोड्या वेळानं टॅक्सीतून एक बाई उतरली. बॅग घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली, ती हलेचना. त्या थंडीत डोळ्यांतलं पाणी गोठतं. मी धावत गेलो. "लुसिया? चला ना आत, बाबा वाट बघतायत."

"कुंडी नाहीये," ती म्हणाली. "ते म्हणाले होते, ठेवलेली असेल."

तिथंच उभ्या उभ्या तिनं सांगितलं. लहानपणी तिला शिकवलेलं होतं... खिडकीत कुंडी दिसली तर घरी यायचं, नाही दिसली तर न थांबता मावशीकडे जायचं. एके दिवशी शाळेतून आली तेव्हा कुंडी नव्हती. आत शिपाई होते. बापानं पळता पळता तेवढी एक गोष्ट उचलली होती. ती चालत राहिली. तेव्हापासून तिनं बापाला पाहिलं नव्हतं.

मी घरात शिरलो, बूट न काढता. "मेधा, कुंडी." "अहो, मरेल ते झाड." "दे आधी." कुंडी त्याच्या खिडकीत नेऊन ठेवली, तेव्हा कमांडरनं डोळे उघडले. पलीकडे उभी असलेली पोर त्याला दिसली. हात वर करायचा प्रयत्न केला त्यानं. मग ती रस्ता ओलांडून आली.

वसंत काही त्यांना एकत्र बघायला मिळाला नाही.

परत जाताना लुसियानं कुंडी आम्हाला दिली. आमच्या खिडकीत तुळशीशेजारी असते ती. ऑफिसातून आलो की मी आधी खिडकीकडे बघतो, आणि मगच बेल वाजवतो.