पंधरा किलोवरचा काटा

“भाभीजी, साहब ने गाड़ी में कुकर लगवा लिया है क्या? कितनी सीटी में चलेगी?”

फाटकाबाहेर भाजीवाले भैया आईला विचारत होते. आई भेंडी निवडत म्हणाली, “दाल गल जाए तो बताऊँगी.” मी पोर्चमध्ये गाडीच्या मागे उभी होते. बाबा माझ्याकडे पाठ करून पाना फिरवत होते, पण ते हसताहेत हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

बाबा रेल्वेत इंजिनियर होते. निवृत्तीनंतर गावी न परतता आम्ही इथे उत्तरेतच, अलीगंजमध्ये राहिलो. जुन्या गाडीचं इंजिन कामातून गेलं तेव्हा ती भंगारात न देता त्यांनी तिला वाफेवर चालवायचं ठरवलं. दोन वर्षं ते त्यातच होते. घरी बनवलेलं इंजिन पुढे, बॉयलर मागच्या सीटच्या जागी. दशहरी आंब्याचा मोसम संपायच्या आत मलिहाबादच्या बागांत जाऊन ते आणायचे, असं ठरलं होतं. आई पुढे बसणार होती. म्हणजे बॉयलर तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर.

त्याआधी पाण्याची टेस्ट. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरायचा आणि हातपंपाने दाब चढवायचा. चालवताना दहा किलो लागणार, म्हणून टेस्ट पंधराला. अर्धा तास दाबाचा काटा हलता कामा नये. पाण्याने जोड फुटला तर फार तर लादी भिजते. वाफेने फुटला तर काय होतं, ते बाबांनी नोकरीत एकदा पाहिलं होतं.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. ज्याने वेल्डिंगचा जोड मारला त्याने काटा वाचायचा नाही. दुसऱ्याने वाचायचा, मोठ्याने सांगायचा, आणि तो सांगेल तोच आकडा वहीत जायचा. पंपावर बाबांचे जुने सहकारी, माझे अंकल. म्हणून काट्याजवळ मी. मोठ्याने बोलणं हे माझं काम कधीच नव्हतं. शाळेत हजेरीला मी इतक्या हळू ‘प्रेझेंट मिस’ म्हणायचे की दोनदा गैरहजेरी लागली होती.

बॉयलरचे सगळे जोड बाहेरच्या वेल्डरने मारले होते. फक्त खालचा बाबांनी हट्टाने स्वतः मारला होता, हिवाळ्यात. त्याच सुमारास एका सकाळी त्यांनी चहा कपाच्या बाजूला ओतला, इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप पुसून टाकला. मी दारातून पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

अंकलनी पंप मारला. काटा पंधरावर आला, बाबांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि रीतीप्रमाणे काट्याकडे पाठ करून खुर्चीत बसले.

“इतवार पक्का,” ते अंकलना म्हणाले. “सुबह निकलेंगे.”

“पक्का. लौटते में हम धक्का देंगे, तुम स्टीयरिंग पर बैठकर आम खाना.”

“गुठली तुम्हारे लिए रखूँगा.”

वीस मिनिटं झाली तेव्हा काटा किंचित खाली वाटला. डोळे मिटून पुन्हा पाहिलं. मग वाकून खालच्या जोडावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ओढणीने जोड पुसून कोरडा केला आणि मनात साठ आकडे मोजले. त्याच जागी मोहरीएवढा थेंब पुन्हा आला.

उरलेली दहा मिनिटं मी काट्यापाशीच उभी राहिले. बाबांची मान मागून दिसत होती, त्यांनी आज केस कापून घेतले होते.

“चलो, हो गया टाइम,” अंकल म्हणाले.

“किती?” बाबांनी न वळता विचारलं.

अंकल माझ्या शेजारी आले, चष्मा कपाळावर सारून काट्यावर वाकले. मग मला खांद्याला धरून त्यांनी अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं. “इधर से देखो, बेटा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “पंद्रह ही है.”

तिथून खरंच काटा पंधराच्या रेघेवर दिसत होता. अंकलना बाबा आवडत होते, त्यात काही खोटं नव्हतं. आत आई डब्यांची झाकणं शोधत होती, इतवारला बरोबर काय न्यायचं ते आमच्या आधी तिचं ठरलं होतं.

“अगं, किती?” बाबांनी पुन्हा विचारलं.

मी परत काट्यासमोर सरळ उभी राहिले.

“साडेचौदा,” मी म्हणाले. “आणि खालच्या जोडातून पाणी येतंय, बाबा. तुम्ही मारलेल्या.”