दुसऱ्यांची मुलं

कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. मायक्रॉनकाका, बस्स! मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि हा माणूस त्या हजाराव्या भागासाठी भांडायचा. लेथ मशीनवर पंपाचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, कातण्यात उभी हयात गेली, पण कातलेला एखादा जॉब केसभर कमी भरला तरी तो बाजूला काढणार आणि दिवसभर स्वतःवरच चिडचिड करणार. घरी तरी कुठे वेगळं? भिंतीवरचं घड्याळ वाकडं दिसलं की चहा गार होईपर्यंत ते सरळ करत बसायचे. बायको म्हणायची, "तुमच्याशी संसार म्हणजे रोज परीक्षेला बसणं आहे!"

लेथ विभागात आता सगळी डोकी पांढरी झाली होती आणि नवी मुलं फिरकेनात. म्हणून कंपनीने काकांनाच शाळाशाळांतून पाठवायला सुरुवात केली. आणि काय बोलायचे हो! पिशवीतून एक गंजका गज काढायचे, मग तसल्याच गजाचा झालेला चकचकीत शाफ्ट, आणि दोन्ही मुलांच्या हातात द्यायचे. "हात फिरवून बघा. आपण केलेली वस्तू फिरायला लागली ना, की रात्री झोप छान लागते." मागच्या बाकावरची उनाड कार्टीसुद्धा गप्पगार बसून ऐकायची.

घरात मात्र भलतंच चाललं होतं. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला हेच काम शिकायचं होतं. बारावी झाल्या झाल्या ती मशीनच्या कोर्ससाठी हट्ट धरून बसली. आठ दिवस ती मागे लागली होती, आणि आठ दिवस काकांचं एकच पालुपद: "तू ऑफिसात बसायचं, पंख्याखाली. विषय संपला." तिला अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे प्रवेशाला पालक बरोबर हवेच. प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला, तरी काका हलले नाहीत. उलट दुपारी पिशवी घेऊन एका शाळेत भाषणाला निघाले. लेक दारात उभी होती.

त्या दिवशी सभेला पालकही आले होते. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. शेजारी तिचा उंचाडा मुलगा, आई कशाला उठली म्हणून ओशाळलेला.

"छान बोललात काका. याच्या तर डोक्यात भरलंच आहे. एकच विचारते, तुमची मुलं काय करतात?"

काका घटाघटा पाणी प्यायले. थाप मारून वेळ मारून नेणं काही अवघड नव्हतं, पण खराब माल पुढे ढकलायची त्यांना सवयच नव्हती.

"एक मुलगी आहे," ते म्हणाले. "तिला हेच शिकायचंय. मीच नको म्हणतोय."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. बाई काही खाली बसली नाही. "का पण?"

"नखांतलं तेल जात नाही हो, कितीही घासा. तिच्या शाळेत गेलो की मी हात खिशात घालून उभा राहायचो. तिच्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच."

"आणि माझ्या मुलावर आली तर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काका भांडले तरी असते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कामावर आपण जीव ओवाळून टाकला, त्याचीच लाज आपण घरात पोरीला शिकवत होतो, आणि दुसऱ्यांच्या पोरांना मात्र या, या म्हणत होतो!

"काम वाईट नाही, ताई. मीच मान खाली घालून वावरलो," ते म्हणाले. "पण आज मी तुम्हाला काही सांगायच्या लायकीचा नाही. आधी घरी जाऊ द्या मला."

आणि पिशवी उचलून ते चालू लागले. आभार मानायला उठलेले मुख्याध्यापक बघतच राहिले.

घरी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. लेक खिडकीपाशी बसली होती.

"ऊठ, चल लवकर. प्रवेशाचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचू."

"एकदम काय झालं?"

काकांनी सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. त्यांना वाटलं होतं, पोरगी आनंदाने उडी मारेल. ती जागची हललीसुद्धा नाही.

"म्हणजे एका अनोळखी बाईने एकदा विचारलं आणि तुम्हाला पटलं," ती म्हणाली. "मी आठ दिवस विचारत होते, बाबा."

काकांनी पिशवी खाली ठेवली.

"माझं चुकलं," ते म्हणाले. हे शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले असावेत, कारण बायको हातातलं काम टाकून बाहेर आली.

लेकीने डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या. "चला. पण मी अजून रागावलेली आहे. रस्त्यात माझ्याशी बोलू नका."

"नाही बोलत," काका म्हणाले, आणि तिच्या मागोमाग मुकाट्याने जिना उतरू लागले.